लहान मुलांनी जलतरण तलावात गॉगल लावावा की नाही?

प्रश्न (एक पालक, धुळे)
माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मे महिन्याच्या सुट्टीत पोहण्याच्या वर्गाला घातले आहे. पहिले दोन आठवडे गॉगल लावायचा नाही, असा तेथील प्रशिक्षकांचा नियम आहे. परंतु रोज घरी येते तेव्हा तिचे डोळे लालभडक झालेले असतात आणि ती ते सारखी चोळत राहते. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे की नुसती शिस्त म्हणून आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पोहण्याचे प्रशिक्षक, जळगाव)
नियम योग्य आहे. मागच्या उन्हाळ्यात माझ्यासमोर एका मुलाने आत शिरलेले पाणी काढण्यासाठी गॉगल पुढे ओढला, ओल्या बोटांतून तो निसटला आणि पट्ट्याच्या ताणाने काचेची कड थेट डोळ्यावर आदळली. म्हणून गॉगल कधीही पुढे ओढून काढू नये. दोन्ही अंगठे डोक्यामागे पट्ट्याखाली घालून तो मागून पुढे उचलावा. लावताना आधी काचा डोळ्यांवर धराव्यात आणि मगच पट्टा मागे न्यावा. हे हाताला वळण लागेपर्यंत लहान मुलांना गॉगल देऊ नये. शिवाय आपल्याकडे विहिरी आहेत, तापी-गिरणा आहेत. अचानक पाण्यात पडलेल्या मुलाच्या डोळ्यांवर गॉगल नसतो, तेव्हा पाण्यात उघड्या डोळ्यांनी न घाबरता राहण्याची सवय आधी व्हायला हवी.

उत्तर (भुसावळ)
एक भर घालतो. गॉगल लावून तळाशी सूर मारू देऊ नका. तीन मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त असतो आणि नाक गॉगलच्या बाहेर असल्यामुळे गॉगलमधल्या हवेचा दाब वाढवता येत नाही. परिणामी गॉगल डोळ्यांना शोषून धरतो आणि पांढऱ्या भागात रक्त उतरू शकते. २०२० च्या आयएसओ १८५२७-३ या आंतरराष्ट्रीय मानकातही हे गॉगल पृष्ठभागावर पोहण्यासाठीच धरले आहेत.

उत्तर (नेत्रतज्ज्ञ, नंदुरबार)
डोळ्यांची आग बहुधा नुसत्या क्लोरीनची नसते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते, त्याची ती असते. उग्र वास येणारा तलाव स्वच्छच असतो, असे समजू नये. उतरण्यापूर्वी सर्वांनी अंघोळ केलीच पाहिजे, असा आग्रह आपण पालकांनी धरावा. पोहून झाल्यावर मुलीचे डोळे साध्या स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि चोळू देऊ नयेत; लाली दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा चिपडे येऊ लागली, तर तपासून घ्यावे. जास्त नंबर असलेल्या मुलांना मात्र नंबरचा गॉगल लावण्याची सवलत मिळायला हवी, कारण त्यांना काठावरून केलेली खूणही दिसत नाही.

प्रश्नकर्ते
मनःपूर्वक आभार. अंघोळीच्या नियमाबद्दल उद्याच तलावावर बोलतो, आणि अंगठ्यांची पद्धत आजपासून घरी कोरड्या गॉगलवर तिच्याकडून करून घेतो.