रँचवरची माणसं आणि कामाशी इमान : अनुभव धागा

अमेरिकेतल्या व्हायोमिंग राज्याने 2010 मध्ये काउबॉयांचे दहा दंडक राज्याची आचारसंहिता म्हणून कायद्यात घातले. मोडले तर शिक्षा नाही, दंडही नाही. हाती घेतलेलं तडीस न्या, दिलेला शब्द पाळा, ज्याच्या डागाची (तापल्या लोखंडाने उमटवलेल्या मालकीच्या खुणेची) गुरं हाकता त्याच्याशी इमान राखा, अशी साधी वाक्यं आहेत. आपल्यातले बरेच जण टेक्सस, कोलोराडो, नेब्रास्का, मोंटाना भागात राहतात. पडद्यावरचा पिस्तुलवाला काउबॉय बाजूला ठेवू या. गुरं राखणाऱ्या खऱ्या माणसांमध्ये निष्ठा आणि मिळून काम करणं कसं दिसलं, ते लिहा. वाचलेलं, पाहिलेलं, सगळं चालेल. सुरुवात मी करते.

डॅलस, टेक्सस
इथून वेदरफर्ड जवळच आहे. तिथल्या ग्रीनवुड दफनभूमीत ऑलिव्हर लव्हिंग आणि बोझ आयकार्ड या दोघांच्या कबरी आहेत. लव्हिंग आणि चार्ल्स गुडनाइट हे गुरांच्या धंद्यातले भागीदार. 1866 मध्ये दोघांनी टेक्ससमधून न्यू मेक्सिकोकडे गुरं नेण्याची नवी वाट पाडली. पुढच्याच वर्षी कोमांची या मूळ अमेरिकी जमातीबरोबरच्या चकमकीत लव्हिंग जखमी झाला, जखम चिघळली आणि न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला त्याचा अंत झाला. आपल्याला टेक्ससच्या मातीत पुरावं, एवढंच त्याचं मागणं होतं. गुडनाइटने ते पुरं केलं. शेकडो मैलांचा धोक्याचा प्रवास करून देह गाडीतून वेदरफर्डला आणला.

आयकार्डची कबर मला जास्त भिडली. तो गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय, पुढे गुडनाइटबरोबर गुरं हाकणारा काउबॉय. गुरं विकून आलेली रोकड गुडनाइट त्याच्याजवळ बिनघोर ठेवायचा. 1929 मध्ये आयकार्ड गेला, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने त्याच्या कबरीवर दगड उभारला. याने कामात कधी कुचराई केली नाही, गुरं उधळली तेव्हा अनेकदा माझ्याबरोबर घोडा घातला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. टेक्ससच्या वाटांवर दर चार काउबॉयांमागे साधारण एक कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सिनेमांनी ही माणसं जवळजवळ पुसूनच टाकली, याचा मला राग येतो.

नेब्रास्का, सँडहिल्स
माझे यजमान इथल्या लहान गावात डॉक्टर आहेत. मे महिन्यात शेजारच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, वासरांना डाग द्यायचा दिवस असतो. बोलावणं आलं की आसपासची सगळी घरं पहाटे हजर. कुणालाही मजुरी नाही. आज यांच्याकडे, शनिवारी त्यांच्याकडे, असा फेर महिनाभर चालतो. माझे आजोबा सोलापूरकडचे. इर्जिक घातली की गाव कसा लोटायचा, हे त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलं होतं. इथे ती डोळ्यांनी पाहिली.

काम कसं वाटून घेतात ते बघण्यासारखं आहे. घोड्यावरचा माणूस वासराच्या मागच्या पायांत फास टाकतो आणि हळू चालीने त्याला ओढत आणतो. तिथे दोघं तयार असतात. एक मानेवर गुडघा टेकून पुढचा पाय दुमडून धरतो. दुसरा मागे जमिनीवर बसतो, वरचा पाय दोन्ही हातांनी ओढून धरतो आणि खालचा पाय बुटाने पुढे रेटतो. या दोघांपैकी एकाची जरी पकड सुटली, तरी लाथ तिसऱ्यालाच बसते. मग एक लस टोचतो, एक खच्ची करतो, आणि घरातलं जाणतं माणूस डाग देतं. लोखंड लालभडक असून चालत नाही, राखेच्या रंगाचं व्हावं लागतं. लाल लोखंडाने कातडी जास्त जळते आणि डाग फिसकटतो. मिनिट-दीड मिनिटात वासरू उठून आईकडे पळतं.

मला लस भरून देण्याचं काम दिलं होतं. शेजारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी कुठली सुई कुठल्या लसीची ते मला सांगत होती, आणि मोठी माणसं तिचं निमूट ऐकत होती. जो काम जाणतो त्याचा शब्द चालतो, मग वय काहीही असो. हे मला फार आवडलं. दुपारी सगळे एका पंगतीला. वाढायला रँचची मालकीण स्वतः उभी, आणि ती सर्वांत शेवटी जेवली.

फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो
परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन इकडे आलो. फेब्रुवारी-मार्च म्हणजे गाई विण्याचा हंगाम. पहिलारू कालवडींवर रात्रंदिवस डोळा ठेवावा लागतो, दर दोन-तीन तासांनी कुणीतरी बॅटरी घेऊन फेरी मारतं. एका बर्फाळ रात्री वासरू उलटं आलं होतं, मागचे पाय आधी. अशा वेळी नाळ दाबली जाते, फार वेळ मिळत नाही. रँचवरचा गडी पाळी संपवून निघाला होता. माझी गाडी आत येताना पाहिली आणि तो परत फिरला. कुणी बोलावलं नव्हतं. कालवड कळ देई तेव्हाच आम्ही दोघं ओढायचो, ती थांबली की थांबायचो. वासरू बाहेर आलं, त्याने पेंढ्याने चोळून चोळून श्वास चालू केला, नळीने चीक पाजला आणि त्याला आपल्या पिकअपमध्ये हीटरपुढे ठेवलं. मग कालवडीला कोमट पाणी दिलं. स्वतःची कॉफी सगळ्यांत शेवटी. आधी जनावर, मग आपण, हा इथला अलिखित नियम मी जवळजवळ प्रत्येक रँचवर पाहिला आहे.

ह्यूस्टन
इथल्या रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या जत्रेत, 35,000 हून अधिक स्वयंसेवक राबतात. मीही त्यांतला एक, पार्किंगला. रोडिओला घोड्यांवरून येण्याची सॉल्ट ग्रास ट्रेल ही यात्रा 1952 मध्ये चौघांनी सुरू केली. आता दरवर्षी शेकडो लोक घोड्यांवरून आणि गाड्यांतून शहरात येतात. आमच्या गटातले एक आजोबा तीस वर्षांहून जास्त काळ तोच एक कोपरा सांभाळतात आणि दरवर्षी वेळेआधी उभे असतात.

ऑस्टिन
जुन्या काळी दोन-तीन हजार गुरांच्या कळपामागे जेमतेम दहा-बारा स्वार असत. पुढे अनुभवी, बाजूंना मधले, आणि शेपटाला नवखे, दिवसभर धूळ खात. रात्री दोन-दोन तासांचा पहारा. तेव्हा गुरांभोवती हळू आवाजात गात फिरायचे, म्हणजे ती दचकून उधळत नाहीत. पहाऱ्याला उशिरा उठणं हा मोठा गुन्हा, कारण आधीच्याची झोप जाते. आमच्या टीममध्ये रात्रीच्या सपोर्टची पाळी असते, तेव्हा मला हे हमखास आठवतं. स्वयंपाक्याचा मान तर कळपाच्या म्होरक्याखालोखाल. त्याच्या गाडीच्या वाऱ्याच्या बाजूने घोडा नेऊन अन्नात धूळ उडवायची नाही, हा कडक नियम होता.

अमरिलो, टेक्सस
वर सगळ्यांनी निष्ठेबद्दल लिहिलंय, मला तिची दुसरी बाजू मांडायची आहे. 1883 मध्ये टेक्ससच्या उत्तर टोकाच्या आमच्या या पॅनहँडल भागात काउबॉयांनी चक्क संप केला होता. आधी मालक स्वतः रँचवर राहत, गड्यांना स्वतःची थोडी गुरं पाळू देत. मग मोठ्या भांडवलाच्या कंपन्या आल्या, मालक दूर गेले आणि ही मुभा काढून घेतली. पगार महिन्याला साधारण 30-40 डॉलर. संपकऱ्यांनी 50 मागितले, आणि स्वयंपाक्यालाही तेवढेच, हे मला विशेष वाटतं. संप मोडला, अनेकांना काढून टाकलं. पण त्यांना बेइमान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते एकमेकांशी इमानदारच होते. मी एका कंपनीत नऊ वर्षं रात्रीचा दिवस केला आणि एका ईमेलने बाहेर पडलो. त्यानंतर मालकाने हक्काने मागावी अशी निष्ठा माझ्यापाशी उरली नाही. बरोबर काम करणाऱ्यांसाठी मात्र आजही मध्यरात्री उठतो.

बोझमन, मोंटाना
नेब्रास्काच्या ताईंचं वाचून कुणाला जावंसं वाटलं तर थोडं सांगते. बोलावल्याशिवाय जाऊ नका. पण ओळख झाली की मदतीला येऊ का, असं विचारायला संकोच नको, त्यांना हात हवेच असतात. चामड्याचे हातमोजे न्या, कुत्रा घरी ठेवा. फाटक ज्या स्थितीत दिसेल त्याच स्थितीत सोडा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि तुमच्याकडे किती गुरं आहेत, हे रँचवाल्याला कधीही विचारू नका. ते बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं.