अकरावी केमिस्ट्री: पोरं अडली तरी विचारत नाहीत, अभ्यासगट कसा जमवू?

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, घरी अहिराणी नाहीतर पावरी, आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. परवा क्लोराइडची टेस्ट चालू होती, एका मुलीने सिल्व्हर नायट्रेट टाकलं, दह्यासारखा पांढरा गाळ मस्त आला पण ती वहीत काही लिहीचना. विचारलं तर हळूच म्हणे, सर अवक्षेप आलाय पण त्याला इंग्लिशमधी काय म्हणतात ते येत नाही. म्हणजे केमिस्ट्री तिला येत होती हो! फार लागलं मनाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून पाहिला, मी पीडीएफ टाकतो, पोरं अंगठा टाकतात, प्रश्न एकही येत नाही. कोणी असा गट चालवलाय का?

शिरपूरचा_मास्तर
सर, सुरुवात आपल्यापासून करा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन (एकात दुसरं थेंब थेंब टाकून प्रमाण मोजणं) करून दाखवत होतो आणि गुलाबी रंग जाईचना, अख्खी बॅच बघतेय, मला घाम फुटला. शेवटी पोरांसमोरच ओळखीच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, फ्लास्क तापवलाय का? ६०-७० डिग्रीपर्यंत तापवला आणि रंग जायला लागला. सुरुवातीला रिअ‍ॅक्शन हळू असते, थोडे मँगनीजचे आयन तयार झाले की तेच पुढे उत्प्रेरकाचं काम करतात, हेपण त्यांनीच सांगितलं. मी वर्गाला सरळ बोललो, मला अडलं म्हणून विचारलं. त्यानंतर पोरं विचारायला लागली. आणि एक शब्दवही करा, अवक्षेप-प्रेसिपिटेट, संयुजा-व्हॅलन्सी, क्षपण-रिडक्शन, पोरांनीच भरायची.

रावेरची_लेक
सर मी आता जळगावला एमएस्सी करतेय. मला ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात नुसता पाठ होता, मोल म्हणजे काय ते कळतच नव्हतं. गावातल्या एका ताईने आम्हा पाचजणींना ओट्यावर बसवलं आणि किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून समोर ठेवलं, १८ ग्रॅम पाणी, साधारण ५८ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर. पाणी वाटीच्या तळाला, साखरेचा एवढा ढीग, आणि म्हणे तिन्ही एकेक मोल, म्हणजे तिन्हीत कण सारखेच, त्या पाठ केलेल्या आकड्याएवढे. मग मलाच म्हणाली, आता हिला तू समजाव. समजावायला गेले तेव्हा कळलं माझं कुठं कच्चं आहे ते. त्यामुळे गट पाच-सहाचाच ठेवा आणि बोलू पोरांना द्या.

जुना_लॅबवाला
भाऊ, लॅबमधी सामान कमी असलं तरी अडत नाही. हळदीचा कागद पापडखाराच्या पाण्यात बुडवा, लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. पोरांच्या आयांनाही बोलवा, बिबडे-पापड करणारीला खार किती घालायचा ते हाताला ठाऊक असतं. केळीवाल्यांच्या पोरांना विचारा, कार्बाइडने केळी पिकवायला बंदी का आणि इथिलीन कसं चालतं, बघा कशी बोलतात ती. अ‍ॅसिड मात्र कोणाच्या घरी देऊ नका.

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसतोय, सहा पोरं ठरली. काटा दुकानातून मी आणतो, शब्दवहीचं पहिलं पान अवक्षेपवाल्या मुलीकडे दिलंय. मास्तर, तापवताना किती तापलं ते थर्मामीटर नसताना कसं ओळखायचं तेवढं सांगा.