कातळशिल्पांची जागा मोबाइलच्या नकाशावर टाकावी का?

कातळवाट
आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. लहानपणी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गुरं घेऊन जायचो तेव्हापासून कातळात खोदलेले मासे, माणसं, चौकोन बघतोय. म्हातारी माणसं सांगायची, पांडवांनी एका रात्रीत खोदलं. पुढे रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेची मंडळी गावोगाव गुराख्यांना विचारत फिरली, तेव्हा या खुणांचं मोल कळलं. 2022मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ धरून कोकण आणि गोव्यातली नऊ ठिकाणं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमचा सडा त्या यादीत नाही.

आता गावातल्या मंडळाने ठरवलंय की फलक लावायचा, पोरांना वाटाडे म्हणून तयार करायचं आणि जागा नकाशावर टाकायची. मी या बाजूचा आहे. आमच्याकडची दोन चित्रं चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीत गेली. खाणवाल्याला तरी काय बोलणार? तिथं काही आहे हे सांगणारं कुणी नव्हतंच.

आंबेवाला
माझा विरोध आहे. ज्या सड्याबद्दल बोलताय तो आमच्या सातबाऱ्यावर आहे. सामायिक जमीन, मुंबईच्या चुलत्यांचीही नावं त्यात. कातळ फोडायचा, खड्ड्यात बाहेरून माती आणून भरायची, मग कलम जगतं. तेवढीच आमची मिळकत. उद्या जागा गाजली आणि इथे कलम लावू नका असा कागद आला, तर मी कुणाकडे जायचं? मंडळाची बैठक झाली, पण खातेदाराला कुणी बोलावलं नाही, याचं वाईट वाटलं.

गेंदफूल
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तुम्ही सगळे चित्रांबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. पावसात त्याच कातळावर बोटभर पाणी साचतं आणि त्या तेवढ्या पाण्यात सीतेची आसवं, गेंद फुलतात. चार महिन्यांत सगळा संसार आटोपतो. त्यावरून शंभर माणसं चपला घालून फिरली तर काय उरेल? साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घालावी लागली. तिथे जाळीचं कुंपणही घातलं होतं, पण चराई थांबल्याने फुलं कमी झाल्याची तक्रार झाली आणि ते काढावं लागलं. सडा गुरांसकट सडा असतो.

आणि चित्रांचंही सांगते. फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून खोदकामात खडू भरणारे लोक मी स्वतः बघितलेत.

चाकरमानी
मंडळाला पाठिंबा. उक्षीला गावाने हत्तीच्या चित्राभोवती गोल कठडा बांधला, लोक बाहेर उभे राहून बघतात. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, मी चाळिशीत पहिल्यांदा पाहिला आणि माझ्या आजोळापासून तो तासाभरावर! शाळेत आम्हाला अजिंठा शिकवला, हे कुणी दाखवलं नाही. लपवून ठेवायचं तर आमच्या मुलांनी गावाला यायचं कशासाठी?

आंबेवाला
दादा, तुम्ही मे महिन्यात आणि गणपतीत येता. वर्षभर सड्यावर आम्ही असतो. कठडा बांधायलाही जागा कुणाची तरी जाते.

कातळवाट
खातेदारांना बोलावलं नाही ही आमची चूक, मान्य. गेंदफूल यांचं वाचून नकाशाचा हट्टही सोडतो. ज्याला बघायचं त्याने गावात यावं, वाटाड्याला घेऊन अनवाणी सड्यावर जावं आणि पावसात दिवसाला मोजकीच माणसं न्यावीत. वाटाड्याच्या पैशांतला वाटा जमीनवाल्याला मिळावा, असंही मी मंडळात मांडीन. पण फलक हवाच. तो नसला तर पुढची चिरेखाण कुणालाच थांबवता येणार नाही, तुम्हालाही.

गेंदफूल
फलकावर फुलांनाही जागा ठेवा. मजकूर मी लिहून देते.

आंबेवाला
गणपतीत सगळे चुलते गावात असतात. गौरी-विसर्जनानंतर आमच्या खळ्यात बसू. ते हो म्हणाले तर फलकाला माझी ना नाही. नकाशाला आहे.