पादचारी पुलाचं सिम्युलेशन: वेग आणि घनता एकत्र जुळत नाहीत

जिनावाला:
लोकल स्टेशनवरच्या ३ मीटर रुंद पादचारी पुलाचं सोशल फोर्स मॉडेल (माणसं एकमेकांना बलाने दूर ढकलतात असं मानणारं सिम्युलेशन) करतोय. ४.५ मीटर उंचीवरच्या तिरप्या कॅमेऱ्यातून डोकी ट्रॅक केली आणि फरशीवरच्या चार खुणांवरून पिक्सेलचे मीटर केले. पूल मोकळा असताना सरासरी वेग १.९५ मी./से. आला. गर्दीत घनता मात्र चौरस मीटरला १.६ माणसांच्या वर जात नाही. मॉडेलमध्ये जिन्याच्या तोंडाशी घनता ३.५ होते, शिवाय एजंट (मॉडेलमधली माणसं) जागच्या जागी थरथरतात. प्रतिकर्षणाचे ए (बलाची तीव्रता) आणि बी (त्याचा पल्ला) फिरवून पाहिले. आणखी कुठल्या पॅरामीटरला हात लावू?

रांगेतला:
सध्या कुठल्याच नको, आधी मोजमाप तपासा. खुणा फरशीवर आणि ट्रॅक केलेली डोकी १.५ मीटरवर, म्हणजे प्रत्येक डोकं कॅमेऱ्यापासून लांब सरकून फरशीवर पडतं. अंतरं ४.५ / (४.५ − १.५) = १.५ पट फुगतात. तुमचा वेग खरा १.३ आहे आणि घनता १.६ × २.२५ = ३.६. मॉडेल फारसं चुकलेलं नाही, पण १.९५ वेग घालून आलेल्या त्या ३.५ वरही विसंबू नका.

पडताळा सोपा आहे. पुलावर आडवी रेघ धरून दर सेकंदाला किती माणसं ओलांडतात ते हाताने मोजा आणि टेपने मोजलेल्या रुंदीने भागा. हा आकडा तुमच्या वेग × घनतेच्या दीडपट निघाला, तर दोष इथेच आहे. दुरुस्तीसाठी त्याच चार खुणांवर १.५ मीटरची काठी उभी धरून तिच्या टोकांवरून रूपांतर नव्याने करा. जिन्यावर जमिनीची पातळी बदलत जाते, तिथे हे रूपांतर चालणार नाही.

डेल्टा_टी:
थरथरीचं कारण बहुधा टाइम स्टेप, म्हणजे सिम्युलेशन दरवेळी जितका वेळ पुढे सरकतं तो. २००० सालच्या हेल्बिंग-फार्कश-विचेक पेपरमधली या मॉडेलची मूल्यं (स्प्रिंगचा ताठपणा के = १.२ × १०⁵ कि.ग्रॅ./से.², वजन ८० किलो) घेतली असतील, तर अंगाला अंग लागल्यावरच्या स्प्रिंगचा आवर्तकाल सेकंदाच्या सहाव्या भागाइतका येतो. ०.०५ सेकंदांची स्टेप तिथे टिकत नाही. ०.०१ करा, मग निम्मी करून निकाल बदलतो का बघा.

ए बद्दल आणखी एक. बल ए × एक्स्प((आर − डी)/बी) असं आहे; आर म्हणजे दोघांच्या त्रिज्यांची बेरीज, डी म्हणजे त्यांच्या केंद्रांमधलं अंतर. बी ०.०८ मीटर असताना ए २.७ पट करणं आणि दोघांच्या त्रिज्यांची बेरीज ८ सेंमी वाढवणं, स्पर्श होईपर्यंत एकच. ए, बी आणि त्रिज्या तिन्ही एकदम फिट केले की ऑप्टिमायझर दरवेळी वेगळं उत्तर देतो, आणि प्रत्येक उत्तर छान दिसतं! त्रिज्या फुटेजवरून ठरवून गोठवा. मोकळा वेग मोकळ्या पुलावरून घ्या, टाउ (हव्या त्या वेगाला यायला लागणारा वेळ) ०.५ सेकंदांपासून सुरू करा, ए-बी वेग-घनता आलेखावर बसवा. जिन्याच्या तोंडाचा प्रवाह फिटिंगमध्ये घेऊ नका, तो पडताळणीसाठी राखा.

जिनावाला:
काठीने करून बघतो. वेग-घनता आलेख वाइडमनचाच (नेहमी वापरला जाणारा प्रसिद्ध आलेख) घेतला तर चालेल? मोकळा वेग १.३४, कमाल घनता ५.४?

रांगेतला:
सुरुवातीला चालेल, अंतिम म्हणून नको. २००९ मध्ये आलेल्या भारत-जर्मनी तुलनेत, एकेरी रांगेच्या प्रयोगात, भारतीयांचा वेग घनतेमुळे कमी घटताना दिसला. पण त्यातली घनता दर मीटरची आहे, चौरस मीटरची नव्हे. ते आकडे थेट उचलू नका. स्वतःचा आलेख काढताना घनता व्होरोनॉय पद्धतीने (प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या जवळच्या जागेवरून) मोजा, लहान चौकटीत डोकी मोजली तर ती पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारते. जिन्यावर उताराच्या बाजूने मोजलेला वेग असेल तर त्याचा क्षैतिज घटक घ्या, ३० अंशांना ०.८७ पट. आणि मॉडेलमध्ये माणसं पॉयसनने (एकेक करून, यादृच्छिक वेळी) सोडू नका. गाडी रिकामी होते तेव्हा लोंढा एकदम येतो, तो लोकलच्या वेळांप्रमाणेच द्या.