ब्रनोत झेक कुटुंबाकडे मुक्काम : आईबाबांसाठी सल्ला हवा

सोनचाफा :
आईबाबा (दोघं सत्तरीला टेकलेले, शाकाहारी, अंडं चालतं) जूनमध्ये व्हिएन्नाहून ब्रनोला जाणार आहेत. दादाच्या ऑफिसातल्या मित्राच्या आईवडिलांकडे सहा दिवस राहतील. ते लोक पैशाचं नावही काढू देत नाहीत. भेट काय न्यावी? जेवणाचं कसं सांगावं? आणखी काय बघायला हवं?

गवतीचहा :
आधी कटकटीचं. हॉटेलात उतरलं की परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलवाला करतो. कुणाच्या घरी फुकट राहिलं तर ती आपली आपण करायची, परदेशी नागरिकांसाठीच्या पोलीस कचेरीत, देशात शिरल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत. गुरुवारी पोहोचले तर मंगळवारपर्यंत. यजमानांना बहुधा याचा पत्ताच नसतो, कारण युरोपीय संघातल्या पाहुण्यांना ३० दिवसांची मुभा असते. पासपोर्ट, विम्याची प्रत आणि राहत्या घराचा पूर्ण पत्ता न्या. खिडकीवर झेकमध्ये बोलावं लागतं, तेव्हा यजमानांपैकी कुणाला तरी सोबत घ्या.

कोकमसरबत :
हापूस आणि पेढे दोन्ही बाद. दुधामांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेता येत नाहीत, म्हणजे बर्फी आणि तूपही गेलं. ताज्या फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच : केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन. (नारळ चालतो, पण त्यांच्याकडे तो फोडणार कशावर?) चांगला चहा किंवा सुती टेबलक्लॉथ न्या.

फुलं तिथेच घ्या, ३, ५ किंवा ७. सम संख्येतली अंत्यविधीला देतात. शेवंती मुळीच नको, ती कबरीवर ठेवतात. हातात देताना वरचा कागद काढा.

दुधीहलवा :
नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही. मांसाचा तुकडा ताटात नसला की झालं, असं समजणारे पुष्कळ. सूप मात्र हाडांच्या पाण्याचं, कोबीत डुकराची चरबी. पंधरा दिवस आधी तीन गोष्टी लिहून कळवा : ‘बेझ मासा, बेझ वीवारु, बेझ साडला’, म्हणजे मांस नको, मांसाचा रस्सा नको, चरबी नको. (इथला ‘मासा’ म्हणजे मांस, आपला मासा नव्हे. मासे नकोत हे वेगळं सांगा.)

काय करता येईल तेही सुचवा, बाईंचा जीव भांड्यात पडेल : स्माझेनी सीर (तळलेलं चीज, सोबत उकडलेले बटाटे), तेलात तळलेले ब्राम्बोराक (किसलेल्या बटाट्याची धिरडी), आंबट मसूर आणि वर अंडं. जूनमध्ये स्ट्रॉबेरी भरलेले क्नेडलीक नक्की येतील. मोदकाचे लांबचे भाऊ, फक्त वर किसलेलं त्वारोह (पनीरसारखं ताजं चीज), साखर आणि वितळलेलं लोणी. लक्षात ठेवा, हे गोड म्हणून शेवटी येत नाही, तेच जेवण असतं. नंतर काही येईल म्हणून दोनच खाल्ले तर उपाशी राहाल.

सोनचाफा :
बाबा दारू घेत नाहीत. तिकडे घरची पुढे करतात म्हणे?

गवतीचहा :
ब्रनो म्हणजे मोराविया, झेकचा पूर्वेकडचा भाग. करणारच. स्लिवोवित्से, आलुबुखारची, ५० टक्क्यांच्या आसपास. अर्धवट ‘नको नको’ हा आपला संकोच समजून पेला भरला जातो. पहिल्याच वेळी पेल्यावर हात ठेवून ‘बेरु लेकी’ म्हणायचं, औषधं चालू आहेत. (लेकी म्हणजे औषधं, गैरसमज नको.) पाण्याचा ग्लास उचलून नजरेला नजर देत ‘ना झ्द्रावी’ म्हटलं की झालं.

कोकमसरबत :
इमारतीत फ्लॅट असेल तर घंटीच्या पाटीवर बहुधा फ्लॅट नंबर नसतो, आडनावं असतात. आडनाव झेक स्पेलिंगमध्ये, वरच्या खुणांसकट, कागदावर घ्या. बाईंच्या आडनावाला ‘ओवा’ लागतं, ते दुसरं घर नव्हे. चपला दारातच. ‘राहू द्या’ म्हणतील, तरी काढायच्या. घरातल्या सपाता देतात. आणि ‘नो’ ऐकलं की आईंनी दचकू नये. झेकमध्ये तो ‘हो’ असतो.