मित्रासोबत सातारा, सांगली, कोल्हापूर: स्टँडअपचा पहिला दौरा कसा आखावा?

प्रश्न (माहीम, मुंबई)

मी आणि माझा महाविद्यालयापासूनचा मित्र चार वर्षे मुंबईत मराठी स्टँडअप करीत आहोत. अंधेरी आणि दादर येथील ओपन माइकवर, म्हणजे कोणीही नाव देऊन काही मिनिटे सादर करू शकतो अशा कार्यक्रमांत, घासूनपुसून घेतलेला प्रत्येकी पस्तीस मिनिटांचा विनोदांचा सेट आमच्यापाशी आहे, आणि डिसेंबरमध्ये सातारा, सांगली व कोल्हापूर येथे सलग तीन दिवस तो सादर करावा, असा विचार आहे. भाड्याची मोटार घेऊन दोघांनीच जायचे आणि तिकीट दोनशे रुपये ठेवायचे, एवढे ठरले आहे. मोठे नाट्यगृह घ्यावे की लहान सभागृह, हे समजत नाही. शिवाय शेवटी कोणी उभे राहायचे आणि पैसे कसे वाटायचे, हा विषय आम्ही दोघेही संकोचाने टाळत आहोत. समाजमाध्यमांवर त्याचे चाहते माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत.

उत्तर (नाटकांचे दौरे लावणारा व्यवस्थापक, दादर)

गावांचा क्रम योग्य आहे. पहिल्याच दौऱ्यात मोठे नाट्यगृह मात्र घेऊ नका. हजार आसनांच्या जागेत दीडशे माणसे विखरून बसली की प्रत्येकाला आपण एकटेच हसत आहोत असे वाटते आणि तो हसू आवरतो. तीच दीडशे माणसे वाचनालयाच्या लहान सभागृहात खांद्याला खांदा लावून बसली, तर हसणे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते. नाट्यगृहच घ्यावे लागले, तर बाल्कनी बंद ठेवा आणि सर्वांना पुढच्या रांगांत बसवा. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र लागते. तुमच्या कार्यक्रमासाठी ते मागतात का, हे तारीख घेतानाच विचारा. वायरचा एक माइक स्वतःचा न्या. शेवटी कोणी उभे राहायचे, हे दोघांनी आलटून पालटून करावे. कोल्हापूरचा प्रयोग संपवून रात्रीच मुंबईला निघू नका; सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता आहे आणि तुम्ही दोघेही दमलेले असाल.

उत्तर (सांगली)

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत नाटक सादर केले, तेव्हापासून या गावाला रंगमंचाचे वेड आहे. त्यामुळे प्रेक्षक मिळतील का, याची चिंता करू नका. वेळ मात्र रात्री नऊची ठेवू नका. आसपासच्या गावांतून येणाऱ्यांना शेवटची एस.टी. गाठायची असते, म्हणून साडेसहा ही वेळ बरी. ऑनलाइन तिकिटांचा आकडा पाहून घाबरूही नका, कारण आमच्याकडे बरेच लोक ओळखीच्या दुकानातून किंवा त्याच दिवशी दारावर तिकीट घेतात.

विषयांबद्दल मनापासून सांगतो. लोकलमधल्या चौथ्या सीटचा विनोद मुंबईत अर्ध्या मिनिटात पोहोचतो. येथे तीन जणांच्या बाकावर चौथा कसा टेकतो, हे आधी समजावावे लागते आणि समजावता समजावता हसू निघून जाते. त्याऐवजी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर दोन वाक्ये जोडणे हाही उपाय नव्हे, कारण बाहेरून येणारा प्रत्येक कलाकार तेच जोडतो. दोन वर्षांपूर्वी एका कलाकाराने मुंबईच्या पावसावरचा आपला विनोद येथे कृष्णेच्या पुरावर बेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये ज्यांच्या घरांत पाणी शिरले होते, अशी माणसे समोर बसली होती, आणि त्यानंतर सभागृह पुन्हा मोकळेपणाने हसलेच नाही. प्रयोगाच्या दिवशी सकाळीच या, बाजारातून फिरा, चार माणसांशी बोला.

उत्तर (बोरिवली)

मी आणि माझी मैत्रीण असे तीन दौरे करून आलो आहोत, म्हणून तुमच्या टाळलेल्या प्रश्नाविषयीच लिहिते. व्यवस्थापक म्हणतात तसे आलटून पालटून आम्ही पहिल्या दौऱ्यात करून पाहिले. जिच्या नावावर लोक आले होते ती आधी उभी राहिली, त्या रात्री मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि त्या माझ्या वाट्याला आल्या. तेव्हापासून शेवट तीच करते आणि मध्यंतर आम्ही ठेवत नाही.

पैशांचे आम्ही असे ठरवले: मोटार, पेट्रोल, सभागृहाचे भाडे, निवास आणि जेवण आधी वजा करायचे, उरलेले निम्मे निम्मे, आणि तोटा झाला तर तोही निम्मा. चाहते तिचे अधिक असले, तरी सभागृहांना फोन मी केले, फलक मी लावले आणि मोटार दोघींनी चालवली. हा विषय मीच काढला, कारण तिने काढला असता तर मागितल्यासारखे दिसले असते. तुमच्या बाबतीतही चाहते ज्याचे कमी आहेत त्यानेच, म्हणजे तुम्हीच, आधी बोलावे, असे मला वाटते.

आणखी एक नियम आम्ही पाळतो. एकीचा सेट पडला, तर त्या रात्री दुसरीने त्याविषयी एक शब्दही काढायचा नाही. साताऱ्यात माझी अखंड वीस मिनिटे शांततेत गेली, तेव्हा ती फक्त जेवायला काय मागवू, एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर आम्ही मोटारीत मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकले, आणि कराड येईपर्यंत तिने माझे दोन विनोद वाचवले.

प्रश्नकर्ता

मी त्याला आजच फोन केला. शेवट त्याने करावा, खर्च वजा जाता निम्मे निम्मे, हे मी बोलल्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला की हेच कसे बोलावे, या विचारात त्याचाही आठवडा गेला होता. सांगलीत आम्ही सकाळी नऊला पोहोचू. बाजार कोठून पाहायला सुरुवात करावी?

उत्तर (सांगली)

गणपती मंदिरापासून सुरुवात करा. मी तेथे भेटतो.