ऐरोलीच्या खाडीत कालवं लावली तर खायला विकावीत का?

दिव्याची_पोर (ऐरोली)

नमस्कार. आमचं घर दिवा कोळीवाड्यात. आई ६२ वर्षांची आहे, पण अजूनही आवस-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला कोयती आणि डबा घेऊन कालवं फोडायला जाते. पूर्वी दोन तासांत डबा भरायचा, हल्ली जेमतेम तळ झाकतो. सिंधुदुर्गात बायकांचे गट खाडीत बांबूचा मांडव घालून त्याला दोऱ्या लटकवतात आणि कालवं वाढवतात, ते मी जाऊन पाहून आले. आमच्या पाच-सहाजणींनी इथंच तसं करावं असं तेव्हापासून डोक्यात आहे.

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. गेल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस धो-धो पाऊस पडला. नंतरच्या ओहोटीला गेलो तर निम्मी कालवं आ वासून पडलेली, बोट लावलं तरी मिटेनात, आत नुसता चिखल. आई म्हणाली, "गोरं पानी लागलं का कालव धीर सोरतं." जी जगली होती ती फोडली, तर मांस पाणचट, आरपार दिसेल असं, आणि कडेच्या झालरीला हिरवट छटा. आईने ती सगळी परत खाडीत टाकली. एकही वाटा विकला नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे आळीतलेच लोक. त्यांच्या पोरांच्या ताटात काय जाणार हे आधी कळायला हवं. माहीतगारांनी कृपया सांगा.

खारा_वारा (नेरूळ)

ताई, मी रत्नागिरीत मत्स्यविज्ञान शिकलो. गावी देवगडकडे दोन हंगाम कालवं लावली, त्यातला एक पावसाने नेला. त्यामुळे तुमच्या आईचं वाक्य मला अगदी पटलं.

गोडं पाणी आलं की कालव शिंपला घट्ट मिटून घेतं आणि आतल्या साठ्यावर दिवस काढतं. पाणी थंड असेल तर बरेच दिवस तगतं. पाणी कोमट असेल तर साठा लवकर संपतो, मग शिंपला मिटून धरणारा स्नायू सैल पडतो. तुम्ही पाहिलेलं आ वासणं हेच. पाऊस थोड्या दिवसांत कोसळायला लागला आणि पाणीही तापत चाललं, तर दोन्हीकडून मार बसतो. केरळात अष्टमुडीच्या कायलात, म्हणजे खाजणात, सीएमएफआरआयने (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) १९९० च्या दशकात ही शेती रुजवली. तिथं पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, पिल्लं धरतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत माल काढतात. तुम्हीही तेच वेळापत्रक धरा.

पाणचट मांस म्हणजे बहुतेक अंडी-वीर्य सोडून रिकामं झालेलं कालव. ते पुन्हा भरतं. हिरवी झालर मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. काही शैवालांमुळे ती येते आणि पाण्यातल्या तांब्यामुळेही येते.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या पट्ट्यात कालवं वाढतील, पण तपासणीशिवाय विकू नका. माझं मत यात पक्कं आहे. मोठं कालव चांगल्या परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळतं. खाडीच्या एका अंगाला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी. या पाण्यातून जे गाळलं जातं त्यातलं बरंच मांसात राहतं. स्वच्छ पाण्याच्या टाकीत एक-दोन दिवस ठेवलं की जिवाणू पुष्कळ कमी होतात. विषाणू त्याहून चिवट. कॅडमियम, शिसं असले विषारी धातू असतील तर ते दोन दिवसांत हलत नाहीत.

अजून एक, जे वरून दिसत नाही. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग कडक जागा शोधून कायमचं चिकटतं. त्या वयातला त्याचा शिंपला अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे लवकर विरघळणाऱ्या चुन्याचा असतो. तो आम्लता वाढलेल्या पाण्यात नीट धरत नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००७-०८ मध्ये हॅचरीतली (पिल्लं पैदा करायच्या केंद्रातली) पिल्लं अशीच कोट्यवधींनी मेली. खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं आणि त्यामुळे आम्लता वाढलेलं पाणी वर आलं होतं. आपल्या खाडीत सांडपाणी कुजतं तेव्हाही तोच वायू पाण्यात मिसळतो. म्हणून मोठी कालवं ठणठणीत दिसली तरी नवीन पिल्लं चिकटतायत का, हे आधी बघा.

मीठबंदर (ठाणे पूर्व)

मी डॉक्टर आहे. तपासणीत माल पास झाला तरी एक गोष्ट गिऱ्हाइकांना सांगाच. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू आपसूक वाढतात, त्यांना सांडपाणी लागतच नाही. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना त्यांचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. शिंपल्यासकट उकडत असाल तर तोंड उघडल्यावरही ३ ते ५ मिनिटं उकळू द्या. नुसतं वाफवून, लिंबू पिळून खाणं नको. कालवं फोडताना हात कापला तर जखम लगेच साबणाने धुवा, आणि सूज वाढू लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरकडे जा. जिवाणू शिजवून मरतात, धातू नाही. तेवढ्यासाठी प्रयोगशाळेला पर्याय नाही.

दिव्याची_पोर

दोघांचेही मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. हात कापण्याचं ऐकल्यावर तिने स्वतःची बोटं पुढे केली. उजव्या अंगठ्यावर सात पांढरे वण आहेत. मी ते आजवर मोजले नव्हते. रबरी हातमोजे आणलेत, पण तिला त्यातून धार कळत नाही म्हणते.

ठरवलंय असं. विक्रीचा विषय बंद. दिवाळीनंतर फक्त दहा दोऱ्या लावायच्या, प्रत्येकीला भोकं पाडलेले पाच-सहा जुने शिंपले, आणि पिल्लं बसतात का ते पुनवेपुनवेला मोजायचं. मांस तपासायला द्यायचं. खडकावर हल्ली बारीक काळपट शिंपल्यांचे झुपके कालवांच्याही वर चढून बसलेत. ते दोऱ्यांवर आले तर काय करू?

खारा_वारा

ते फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण मिटिलॉप्सिस नावाचा एक परका शिंपला जहाजांच्या बुडाला चिकटून आपल्याकडे फार पूर्वी आलाय. तो असाच झुपक्याने वाढतो आणि कालवाची जागा खातो. दोरी पंधरवड्याला वर घ्या, उन्हात तासभर धरा आणि झुपके हाताने ओढून काढा. काढलेले खाडीत टाकू नका, काठावर पुरा. तुमची पिल्लंही दुसऱ्या खाडीत नेऊ नका, नाहीतर हे त्यांच्याबरोबर जाईल.

मांस दोनदा तपासा, एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात. कॅडमियम, शिसं, पारा आणि ई. कोलाय (सांडपाण्याची खूण सांगणारा जिवाणू) एवढं नक्की लिहून मागा. आणि बांबू रोवण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज करा. खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. दहा दोऱ्यांसाठीसुद्धा कागद हातात असू दे. ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र तुमच्या घरापासून जवळच आहे, तिथूनच सुरुवात करा. जाताना आईला घेऊन जा. कुठल्या खडकावर पूर्वी किती कालवं होती हे त्यांनाच माहीत.